प्लग काळा आला म्हणजे इंजिन गेलं असं नाही

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत.)



आज गॅरेजमधूनच बोलतोय. पिंपळगाव रेणुकाईला मिरचीचा हंगाम चालू आहे, त्यामुळं मागं टेम्पोचे हॉर्न, मोटारसायकली, हमालांचा आवाज असं सगळं ऐकू येईल. त्याला इलाज नाही. विषयही या गर्दीतूनच आलाय.

परवा एक मामा आले. गाडी हिरो होंडाची स्प्लेंडर, २००१ सालची. मागं कॅरेज, दोन्ही बाजूंना पोती लटकवायला वेल्डिंग करून घेतलेले हूक. म्हणाले, "भाऊ, लय पेट्रोल पिऊन राहिली. साठ देत होती, आता चाळीसबी देईना. आन् धूर पहा." धूर काळा. प्लग महिनाभरात तीनदा बदललेला. एका ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल, आठ-नऊ हजार धरून चाला. मामा म्हणाले, पहिल्या तोड्याचे पैसे आले की करून टाकू, तोवर तेवढी चालती ठेवा.

पहिल्या तोड्याचे पैसे म्हणजे काय हे इकडं कुणाला सांगायची गरज नाही. त्यात खतवाल्याची उधारी असते, औषधवाल्याची असते, मजुरी तर त्याच दिवशी द्यावी लागते. त्यातून नऊ हजार इंजिनावर घालायचे, तर इंजिन खरंच गेलेलं तरी पाहिजे.

मी मामांना म्हणालो, बसा, चहा घ्या, आधी पाहू. आणि पान्याला हात न लावता पहिली गोष्ट केली ती ऑइलची. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली, ऑइलची कांडी काढली, पुसली, परत टेकवली. (आटे फिरवायचे नाहीत, नुसती टेकवायची. कांडीवरची खूण त्याच हिशोबानं असते.) ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. बोटांवर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास पेट्रोलचा. मामांना विचारलं, मध्ये ऑइल कुणी टाकलं का? नाही म्हणाले.

आता इथं थांबा. रिंगा गेलेली गाडी ऑइल जाळते. तिचं ऑइल कमी होतं आणि धूर निळसर असतो. या गाडीचं ऑइल वाढलं होतं. टाकल्याशिवाय ऑइल वाढतं कसं? पेट्रोल उतरल्यानं. म्हणजे इंजिन ऑइल खात नव्हतं, कार्बोरेटर इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाजत होता. दोन्हीत प्लग काळाच येतो, म्हणून फसायला होतं. पण हात लावून पाहिलं तर कळतं. ऑइलनं काळा झालेला प्लग ओला, चिकट असतो. जास्त पेट्रोलनं झालेला कोरडा, चुलीच्या काजळीसारखा, बोट फिरवलं की निघतो. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा कागद धरून रेस द्या. कोरडी काजळी बसली तर पेट्रोल, तेलकट ठिपके पडले तर ऑइल. एम-८० सारख्या टू-स्ट्रोकला मात्र हा कागद लावू नका, तिथं पेट्रोलमध्येच ऑइल असतं, तेलकट येणारच.

मला हे इतकं ठासून सांगावंसं वाटतं, कारण मी स्वतः ही चूक केली आहे. गॅरेज टाकलं तेव्हा दुसऱ्याच वर्षी. सख्ख्या काकांची गाडी होती. काळा धूर, काळा प्लग, ओढत नाही. मी नवा नवा शहाणा, म्हणालो काका बोअर करावं लागतं. केलं. पिस्टन नवा, रिंगा नव्या. गाडी बांधली, चालू केली, आठ दिवसांत प्लग पुन्हा काळा. मग कार्बोरेटर उघडला आणि आतला फ्लोट कानाशी धरून हलवला, तर आत डुचडुच वाजलं. बारीक छिद्र पडून फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं होतं. फ्लोट तरंगतच नव्हता. तेवढा एक फ्लोट बदलायचा होता. काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

असो. मामांच्या गाडीकडं येऊ.

रिच चालते म्हणजे काय, ते आधी थोडक्यात. पेट्रोल पूर्ण जळायला एक ग्रॅम पेट्रोलमागं साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. जोर पाहिजे असतो तेव्हा इंजिनाला हवा जराशी कमी, म्हणजे १२-१३च्या आसपास चालते, किंबहुना आवडते. त्याच्याही खाली गेलं की पेट्रोल अर्धवट जळतं, काजळी होते, गाडी मिस मारते. त्यामुळं रिच गाडीची एक ठरलेली सवय असते, सकाळी थंड असताना झकास आणि तापली की रडते. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतंच, म्हणून तेव्हा दोष झाकला जातो. हवा जास्त असलेल्या गाडीचं उलटं असतं, ती सकाळी चोकशिवाय हलत नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "सकाळी एका किकीत. बाजारात आल्यावर दहा किका." तिथंच अर्धं निदान झालं.

खात्रीसाठी अजून एक करता येतं. गाडी तापलेली असताना चोक थोडा ओढा. चोक म्हणजे हवेचं दार लोटणं. गाडी सुधारली तर तिला पेट्रोल कमी पडत होतं. लगेच बुडबुडायला लागली, बंद पडली, तर आधीच पेट्रोल जास्त आहे. मामांची लगेच बंद पडली.

आता एक सावधगिरी. प्लग काळा येण्याचं खापर प्रत्येक वेळी पेट्रोलवर फोडू नका. ठिणगीच कमजोर असेल तर बरोबर मिश्रणही नीट जळत नाही आणि प्लग काळाच येतो. प्लगची टोपी सैल, वायर तडकलेली, गॅप वाढलेला, हे आधी पाहून घ्या. ॲव्हरेज कमी हीसुद्धा एकटी खूण धरू नका. मागचं चाक उचलून हातानं फिरवा. ब्रेक चिकटलेला असतो, चेन ताणलेली असते, आणि शिव्या कार्बोरेटरला पडतात. एवढं केलं, सगळं ठीक होतं.

मग हवा. मी आधी हवा पाहतो, कारण फुकट आहे. बाजूचं झाकण काढलं तर आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गाडीची कागदपत्रं, विम्याची झेरॉक्स, पान्याची पुडी आणि एक फडकं. सगळं हवेच्या तोंडाशी कोंबलेलं. आपल्याकडं ही सगळ्यांची तिजोरी आहे. काढलं बाहेर. एकदा तर बराच काळ उभ्या राहिलेल्या एका गाडीत कुंभारमाशीनं हवेच्या नळीत मातीचं घर बांधलेलं सापडलं होतं, पूर्ण बंद. फिल्टरचं म्हणाल तर आपल्या पांदणीची धूळ, उन्हाळ्यात पिठासारखी असते. कागदी फिल्टर झटकून काही दिवस चालेल, पण काळा पडला की बदलाच. स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुवा, पेट्रोलमध्ये धुऊन स्पंज खराब करू नका. वाळवा, थोडं ऑइल लावा आणि पिळून काढा. बरेच जण ऑइल लावतात, पिळत नाहीत. मग हवा कुठून जाणार? मिनिटभर फिल्टर काढून उभ्या गाडीला रेस देऊन पाहायला हरकत नाही. फिल्टरशिवाय एकदम मोकळी झाली तर चोर सापडला. फक्त तशी गाडी रस्त्यावर नेऊ नका, ती धूळ बोअरमध्ये पॉलिश पेपरचं काम करते, आणि मग खरंच रिंगा जातात.

फिल्टर घाण होता, बदलला. गाडी थोडी सुधारली, पण थोडीच. आणि ऑइल का वाढलं याचं उत्तर काही फिल्टरमध्ये मिळत नव्हतं.

मग मी माझी आवडती परीक्षा केली. याला एक पैसाही लागत नाही आणि घरी कुणीही करू शकतं. गाडी तापवा, आयडलला सोडा आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. आता कार्बोरेटरच्या वाटीत जेवढं पेट्रोल आहे तेवढ्यावर ती चालणार. पातळी हळूहळू खाली जाते, तसं मिश्रणातलं पेट्रोल कमी कमी होतं. चांगली गाडी तशीच चालत राहते, शेवटी जराशी रेस वाढते आणि बंद पडते. मामांची गाडी मिनिटभर रडली, आणि मग अचानक, काय सांगू, शिवण मशीनसारखी चालायला लागली. स्वच्छ आवाज. मामा उठून उभे राहिले. "आता कशी काय सुधरली?" मग बंद पडली. अर्थ सरळ आहे: वाटीतली पातळी उतरल्यावर इंजिनाला पाहिजे तेवढंच पेट्रोल मिळालं. म्हणजे एरवी पातळी वर असते.

पातळी डोळ्यांनीही पाहता येते. वाटीच्या तळाच्या निचऱ्याच्या नळीला पारदर्शक प्लास्टिकची नळी लावायची, तिचं दुसरं टोक कार्बोरेटरच्या बाजूनं वर धरायचं, गाडी सरळ उभी ठेवायची आणि निचऱ्याचा स्क्रू थोडा सैल करायचा. नळीत पेट्रोल चढतं आणि वाटीत जेवढं आहे तेवढ्याच उंचीवर थांबतं. लेव्हल नळी, गवंडी वापरतात तीच. वाटी आणि कार्बोरेटरच्या जोडाच्या कितपत खाली पातळी असावी हे त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. इथं तर ती जोडाच्याही वर चढत चालली होती आणि थांबत नव्हती.

पण मग एक प्रश्न. पातळी एवढी वाढली तर ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल खाली टपकायला पाहिजे. जमिनीवर थेंब दिसला असता, वास आला असता, मामांनाच कळलं असतं. खाली वाकून पाहिलं. ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडात काळ्या मातीचं बूच बसलं होतं, वाळून दगड झालेलं. पावसाळ्यात शेतातून काढलेली गाडी, चिखल उडाला, तोंड बुजलं. मग जास्तीचं पेट्रोल कुठं जाणार? स्प्लेंडरचं सिलिंडर आडवं आहे आणि कार्बोरेटर त्याच्या वर बसतो. उतार इंजिनाकडंच. रात्रभर कॉक चालू राहिला की थेंब थेंब हेडमध्ये, तिथून रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये. तार काढून ते बूच टोचलं, तर पेट्रोलची धार लागली. अशा वेळी बिडी ओढत कुणी शेजारी उभा नाही ना, तेवढं बघा. आणि कार्बोरेटर उघडा असताना प्लगची ठिणगी तपासत बसू नका. मी हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

वाटी उघडली. फ्लोट चांगला होता, कानाशी धरून हलवला, वाजला नाही. (काकांच्या गाडीपासून ही सवय.) पेट्रोलला अटकाव करणारी जी सुई असते, निडल व्हॉल्व्ह, तिच्या टोकावर भिंगानं पाहिलं तर गोल खाच पडलेली. वर्षानुवर्षं एकाच जागी बसून बसून. शिवाय कुणीतरी फ्लोटची पट्टी वाकवून ठेवली होती. सुई आणि तिचा किट बदलला, पट्टी मापात आणली, टाकीच्या तळाचा गाळ धुतला. तो गाळच सुईखाली अडकतो, नवी सुई टाकून टाकी तशीच ठेवली तर आठ दिवसांत गाडी परत येते.

काही जण म्हणतात, हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलनं झालं. माझं मत असं आहे की अर्धं खरं आणि अर्धं सोयीचं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तेवढ्याच जेटमधून गेलं तर मिश्रण उलट थोडं पातळ होतं, रिच नाही. म्हणून अशा पेट्रोलवरही काळा धूर येत असेल तर बिघाड नक्की आहे असंच समजा. पण जुन्या गाड्यांचं रबर, सुईचं टोक, ओ-रिंग हे फुगू शकतं, आणि मग सुई अडकते. त्या अर्थानं दोष देता येईल.

आता गाडी आयडलला छान झाली. मामा निघायच्या तयारीत. मी म्हणालो, एक चक्कर मारून येतो. वालसावंगीच्या बाजूला थोडा चढ मिळतो, तिथं मधल्या रेसवर धरली तर अजूनही जड. पूर्ण रेस दिली तर ठीक. आणि कार्बोरेटरमध्ये नेमकं हेच पाहायचं असतं: कुठल्या रेसला त्रास आहे? आयडलला आणि अगदी थोड्या रेसला स्लो जेट आणि हवेचा स्क्रू काम करतो. मधल्या रेसला स्लाइडची लांब सुई आणि ती ज्या नळीतून वरखाली होते ती नळी. पूर्ण रेसला मेन जेट. पातळी चुकली तर सगळीकडंच त्रास. सरळ रस्त्यावर ज्या रेसवर शंका आहे ती एक-दोन मिनिटं धरायची, मग क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करायचं, गाडी बाजूला घ्यायची आणि प्लग काढून पाहायचा. नवा प्लग लावून करा, जुन्यावर मागच्या सगळ्या पापांचा रंग असतो. आणि रंगावर फार भिस्त ठेवू नका. कॉफीसारखा तपकिरी पाहिजे हा जुन्या उस्तादांचा नियम शिशाच्या पेट्रोलच्या काळातला. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आहे, त्यात चांगला प्लगही फिकट दिसतो. काजळी मात्र काजळीच.

तर मधली रेस. स्लाइड काढली. लांब सुईवर खाचा असतात, त्यात एक बारीक क्लिप. क्लिप खालच्या खाचेत टाकली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. मामांच्या गाडीत ती सगळ्यात खालच्या खाचेत. विचारलं, तर आठवलं त्यांना, गेल्या वर्षी पोती घेऊन चढायला पिकअप नाही म्हणून कुणाकडून तरी "पिकअप वाढवून" घेतला होता. असा पिकअप चार दिवस वाटतो. क्लिप मधल्या खाचेत आणली. नळीचं भोक उजेडाला धरून पाहिलं, किंचित अंडाकार झालंय, पण अजून वर्षभर काढेल. मामांना तसं सांगितलं.

मेन जेटला मी काही केलं नाही, कारण पूर्ण रेसला तक्रार नव्हती. पण एक सांगतो. जेट साफ करायला तार घालू नका. फुंकर मारा, हवेचं प्रेशर द्या, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा. पितळ मऊ असतं. समजा भोक ०.७५ मिलिमीटरचं आहे आणि घासून घासून ०.८५ झालं. डोळ्याला दिसणारही नाही, पण क्षेत्रफळ २८ टक्क्यांनी वाढलं. मग तुम्ही बसा प्लग बदलत.

हवेच्या स्क्रूला मी शेवटी हात लावला. सगळे सुरुवात तिथूनच करतात, आणि माझा खरा राग त्यावर आहे. पातळी वर असताना स्क्रू फिरवून आयडल जमवता येतो. जमतो म्हणूनच तर मूळ दोष लपतो, आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतच राहतं. शिवाय दिशा माहीत पाहिजे. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घट्ट केला की हवा कमी, मिश्रण रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत घट्ट केला की पेट्रोल कमी. एकच हालचाल, उलटा परिणाम. तापलेल्या गाडीवर, पाव पाव आटा फिरवत, जिथं रेस सगळ्यात वर आणि एकसारखी लागते तिथं थांबायचं आणि मग आयडलचा स्क्रू कमी करायचा. कान तयार नसेल तर पीयूसीवाल्याचा उपयोग करा. सगळे फक्त कागद घेऊन येतात. त्याच्या मशीनवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा येतो. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला आयडलला साडेचार टक्के, त्यानंतरच्या भारत स्टेज चारपूर्वीच्या गाडीला साडेतीन टक्के ही मर्यादा. आकडा मर्यादेजवळ असेल तर पास झालात, पण पेट्रोल वाया चाललंय. हाच वायू बंद पत्र्याच्या शेडमध्ये माणूस मारतो, त्याला वास नसतो. म्हणून ट्यूनिंग उघड्यावर.

चारचाकीवाल्यांसाठी एकच. जुनी कार्बोरेटरची मारुती ८०० किंवा ओम्नी असेल तर फिल्टरचं झाकण काढा, चोकचं बटण पूर्ण आत ढकला आणि चोकची पाकळी सरळ उभी होते का बघा. केबल गंजून पाकळी अर्धी मिटलेली राहते. दहापैकी किती वेळा हेच निघतं ते मोजलं नाही, पण मी आधी तेच पाहतो.

मामांच्या गाडीचं ऑइल सगळं काढून टाकलं आणि नवं भरलं. हे विसरायचं नाही. कार्बोरेटर सुधारला तरी ते पातळ झालेलं ऑइल आतच असतं, आणि त्याच ऑइलवर पोती लादून चढ चढली की बेअरिंग आणि बोअर दोन्ही घासतात. तेव्हा बोअर करा म्हणणारा मात्र बरोबर ठरला असता. सुईचा किट, फिल्टर, प्लग, ऑइल, मजुरी, सगळं हजाराच्या आत आलं.

त्यांना म्हणालो, टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, परत काठोकाठ भरा आणि मग सांगा. "वाटतं" असं सांगू नका. काल आले. सत्तावन्न निघाले. मामा काही फार खूश नव्हते, म्हणाले, साठ देत होती. मी म्हणालो, मामा, पोती किती होती? तर म्हणाले, तीन. चाकात हवा पाहिली, मागच्यात निम्मी. ती भरून दिली.

रात्री कॉक बंद करायला मात्र आठवण ठेवतायत म्हणाले. त्यांच्या नातवानं टाकीवर खडूनं "बंद" असं लिहून दिलंय.

चला, एक एम-८० येऊन उभी राहिलीय, किक मारून मारून बिचारा घामाघूम झालाय. बघतो. राम राम.